आकडा कोणाच्या वहीतला?

(मानव्यविद्यांचे अध्यापक आणि पक्षकार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९६१ च्या जनगणनेनुसार भारतातील दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २८ स्त्रिया ‘काम करणाऱ्या’ होत्या. १९७१ च्या जनगणनेत हे प्रमाण १४ च्या आसपास, म्हणजे निम्म्यावर, आले. दहा वर्षांत देशातल्या निम्म्या कष्टकरी स्त्रियांनी काम सोडून दिले, असे ज्याला वाटत असेल त्याने कोणत्याही खेड्याच्या शिवारात एक दिवस काढावा. निंदणी, खुरपणी, कापणी, गुरांचा चारापाणी, शेणगोठा यांपैकी एकही काम त्या दशकात बंद पडले नव्हते. मग या कोट्यवधी स्त्रिया गेल्या कोठे?

स्त्रिया कोठेही गेल्या नव्हत्या. बदलला होता तो प्रश्न. १९६१ साली शेतीसारख्या हंगामी कामाच्या बाबतीत, हंगामाच्या बहुतांश काळात रोज तासाभराहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती कामकरी धरली गेली. १९७१ साली प्रगणकाने प्रथम विचारले ते मुख्य कामाविषयी : आपला बहुतेक वेळ कशात जातो? उत्तर देणारा बहुधा घरातील कर्ता पुरुष. त्याने ओसरीवर बसून सांगितले, ‘ती घरचेच बघते.’ प्रगणकाने तसे लिहिले, आणि पहाटे दळणकांडण करून दिवसभर शेतात वाकणारी बाई कामकऱ्यांच्या रकान्यातून बाहेर पडली. या घटीचा काही भाग खराही असू शकेल; अर्थशास्त्रज्ञांत त्यावर पुष्कळ वाद झाले. परंतु व्याख्या बदलल्यावर जुन्या आणि नव्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, एवढे तरी त्या वादातून निर्विवाद निष्पन्न झाले.

महाराष्ट्रात या गोष्टीचा पडताळा फार लवकर आला. १९७१ च्या गणनेची शाई वाळते न वाळते तोच १९७२-७३ चा दुष्काळ कोसळला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. खडी फोडणे, पाझर तलावाची माती वाहणे, रस्त्याचा भराव घालणे या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या. त्यांची नावे हजेरीपटावर चढली आणि नावापुढे त्यांचे अंगठे उठले. जनगणनेच्या वहीत जी ‘काम न करणारी’ होती तीच दुसऱ्या सरकारी वहीत रोजची हजेरी लावीत होती. दोन्ही वह्या सरकारच्याच. मात्र एका वहीला तिला मजुरी द्यायची होती, म्हणून तिला मोजणे भाग होते; दुसऱ्या वहीला तिला काहीच द्यायचे नव्हते.

पुढे १९७४ साली स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने आपल्या अहवालात या घटीची चर्चा केली. १९८१ च्या जनगणनेत ‘मुख्य’ आणि ‘सीमांतिक’ असे कामकऱ्यांचे दोन वर्ग पाडण्यात आले. १९९१ साली तर ‘शेतावरील अथवा घरच्या धंद्यातील विनावेतन कामासह’ असे शब्द प्रश्नातच घालावे लागले. प्रमाण पुन्हा २२ च्या वर गेले. हे वाढीव काम अंतराळातून अवतरले नाही. ते होतेच. त्याविषयी विचारण्याची रीत तेवढी सुधारली.

हे उदाहरण एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की आपल्या कला महाविद्यालयांत आकडेवारीविषयी जी वृत्ती बाळगली जाते ती दोन टोकांची आहे आणि दोन्ही टोके सारखीच निरुपयोगी आहेत. एक टोक भीतीचे. इतिहास, समाजशास्त्र, मराठी या विषयांकडे येणारा विद्यार्थी गणितापासून सुटका झाली या समाधानात येतो. त्याचे अध्यापकही बहुधा त्याच वाटेने आलेले असतात. साहजिकच तक्ता दिसला की पान उलटायचे, असा परिपाठ पडतो. दुसरे टोक भक्तीचे. संशोधन म्हणजे प्रश्नावली आणि प्रश्नावली म्हणजे टक्केवारी, अशी समजूत करून घेऊन प्रबंधांचे ढीग रचले जातात. तीस जणांना प्रश्न विचारायचा, त्यातल्या १९ जणांनी होय म्हटले की ‘६३.३३ टक्के उत्तरदाते अनुकूल आहेत’ असा निष्कर्ष काढायचा! तीस माणसांच्या उत्तरावर दशांशचिन्हापुढचे दोन आकडे ठेवणे म्हणजे धान्य बाजारच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे. ते तीस जण निवडले कसे, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, उत्तर देताना शेजारी कोण उभे होते, याविषयी प्रबंधात एक ओळही नसते. परीक्षकही विचारीत नाहीत.

चळवळीतही हीच दोन टोके आहेत, हे मान्य केले पाहिजे. आपल्यापैकी काही मित्र म्हणतात, सरकारी आकडे म्हणजे सत्ताधाऱ्यांची लबाडी. त्यांच्या वाटेला जाऊच नये. दुसरे काही मित्र सभेत सोयीचा आकडा मिळाला की तो झेंड्यासारखा मिरवतात आणि गैरसोयीचा आला की लगेच पहिल्या मित्रांच्या पंक्तीला जाऊन बसतात. या दोघांनाही दादाभाई नौरोजींकडे काही काळ शिकवणीला पाठवावेसे वाटते.

दादाभाई हे एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आपण विसरतो. १८७६ साली त्यांनी ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ हा निबंध वाचला, त्या वेळी हिंदुस्थानचे राष्ट्रीय उत्पन्न मोजणारी कोणतीही यंत्रणा अस्तित्वात नव्हती. त्यांनी स्वतः कोठे पाहणी केली नाही. इंग्रज सरकारचेच प्रांतवार कारभाराचे अहवाल घेतले, पिकाखालील क्षेत्र, उतारा आणि भाव यांचे तक्ते समोर मांडले आणि माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये भरते असे दाखविले. मग त्यांनी तुरुंगांचे अहवाल काढले. कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार वर्षाकाठी काय खर्च करते, ते त्यातच छापलेले होते. निरनिराळ्या प्रांतांत हा खर्च स्वतंत्र रयतेच्या माणशी उत्पन्नाहून अधिक होता! बादशाही कारभारावर याहून जळजळीत टीका कोणत्याही वक्तृत्वाने साधली नसती, आणि तीत एकही आकडा दादाभाईंचा स्वतःचा नव्हता.

पण शिक्षकाच्या दृष्टीने त्या निबंधातला अधिक मोलाचा भाग वेगळाच आहे. सरकारी अहवालांतील सरासऱ्या कशा काढल्या जातात हे त्यांनी तपासले. प्रत्येक जिल्ह्याचा भाव अथवा उतारा घ्यायचा, त्यांची बेरीज करायची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचे, अशी ती रीत होती. कोणत्या जिल्ह्यात किती पिकते याचा विचारच नाही. समजा, एका तालुक्यात हजार एकर जमिनीवर एकरी दोन मण जोंधळा होतो आणि शेजारच्या तालुक्यात दहा एकर बागायतीवर एकरी दहा मण. कारकुनाने दोहोंची बेरीज करून दोनाने भागले, तर सरासरी उतारा सहा मण निघतो. खरा उतारा दोन मणांच्या किंचित वर आहे. रयतेचे पीक कागदावर जवळजवळ तिप्पट झाले आणि त्यासाठी कोणी खोटे बोलावे लागले नाही. फक्त भागाकार चुकीच्या जागी केला. कला शाखेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यायला दहा मिनिटे लागतात. त्यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

सरकारी गोटातूनही उत्तरे आली. १८८२ साली बेअरिंग आणि बार्बर यांनी माणशी २७ रुपयांचा अंदाज केला, १९०१ साली लॉर्ड कर्झनने ३० रुपये सांगितले. उलट त्याच सुमारास विल्यम डिग्बी १८ च्या आसपास आले. एकाच देशाचे इतके वेगवेगळे आकडे पाहून ‘म्हणजे सगळेच खोटे’ असा उथळ निष्कर्ष विद्यार्थी काढतात. वस्तुतः प्रत्येकाने काय धरले आणि काय सोडले, हे शोधणे हाच खरा अभ्यास.

अशाच एका वादाची रणभूमी पुणे होती. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. दररोज २२५० उष्मांक मिळण्याइतका आहार ज्या खर्चाच्या पातळीवर साधतो ती पातळी त्यांनी दारिद्र्याची रेषा मानली. १९६०-६१ च्या भावांनी ग्रामीण भागात ती माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाली. खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली होते. पुढे पां. वा. सुखात्मे यांनी यावर आक्षेप घेतला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले सुखात्मे हे नमुना पाहणीच्या शास्त्रातले जागतिक कीर्तीचे पंडित. त्यांचे म्हणणे असे, की माणसाची उष्म्याची गरज ही एक ठरीव संख्या नाही; एकाच माणसाची गरज दिवसादिवसाला, आठवड्याआठवड्याला बदलते आणि शरीर एका मर्यादेपर्यंत कमी आहाराशी जुळवून घेते. तेव्हा सरासरी गरजेच्या खाली जो जो येईल तो तो उपाशी, असे मानणे चुकीचे. रेषा त्या मर्यादेच्या खालच्या टोकाला ओढली पाहिजे. तशी ती ओढली की दरिद्र्यांची संख्या एकदम घसरते. दांडेकरांनी याचा कडाडून प्रतिवाद केला.

या वादात कोण बरोबर, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. समाजवादी कार्यकर्त्यांची सहानुभूती कोणीकडे होती ते उघडच आहे. मात्र एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. दोघांपुढे आकडे बहुतांशी तेच होते. फरक होता तो ‘शरीराने जुळवून घेणे’ या शब्दांचा अर्थ काय करायचा, यात. कमी खाऊन जगणारा मजूर निरोगी आहे काय? की तो कमी उंची, कमी काम आणि कमी आयुष्य यांच्या रूपाने किंमत मोजून जगतो आहे? हा प्रश्न शेवटी माणसाने कसे जगावे याविषयीचा आहे. तो प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गातला आहे. अर्थशास्त्राच्या तक्त्यात तो गुपचूप शिरून बसलेला असतो एवढेच, आणि तेथून त्याला बाहेर काढायला मानव्यविद्यांचा अभ्यासक हवा असतो.

इतिहासाच्या क्षेत्रात आकडा बहुधा कागदाच्या रूपाने येतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांची संख्या कोटींत मोजावी लागते. त्यातून निवडक कागद काढून गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापले गेले. त्या काळाचा विचार करता ही कामगिरी अचंबा वाटावा अशी आहे, तिला उणेपणा आणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु निवड म्हटली की निवडणाऱ्याची दृष्टी आली. त्या पिढीला मोहिमा, तह, वारसाहक्क, दरबारी कारस्थाने यांत रस होता. गावकुसातल्या लोहारकुंभारांचे, वेठबेगारीचे, गुलामांच्या खरेदीविक्रीचे कागद त्यामानाने थोडेच पुढे आले. आज एखाद्या विद्यार्थ्याने या ४५ खंडांतील पत्रांचे विषयवार वर्गीकरण केले, राजकारणाला अमुक टक्के व समाजजीवनाला तमुक टक्के असा तक्ता बनविला आणि अठराव्या शतकातील मराठी समाजाला राजकारणाखेरीज काही सुचत नव्हते असे अनुमान काढले, तर त्याने मोजले काय? संपादकाची आवड मोजली. आता तर जुनी पुस्तके आणि नियतकालिके संगणकावर आली आहेत, क्षणात एखादा शब्द किती वेळा आला ते कळते. सोय मोठी आहे. मात्र जे छापलेच गेले नाही ते त्या मोजणीत नाही. जे छापले गेले पण कोणी जपून ठेवले नाही, तेही नाही. आणि खिळे झिजलेल्या जुन्या छपाईतली अक्षरे यंत्राला चुकीची लागली, तर तो शब्द असूनही नाही. जात्यावरची ओवी ही मराठीतली केवढी मोठी रचना! कोणी लिहून घेतली नसती तर अशा मोजणीत ती शून्य भरली असती.

भाषांचे आकडे हा एक स्वतंत्र विषय आहे, त्यावर धावती नजर टाकू. १९६१ च्या जनगणनेत १६५२ मातृभाषांची नोंद झाली. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे प्रसिद्ध करणे बंद झाले आणि यादी शंभराच्या आसपास येऊन ठेपली. २०११ च्या यादीत हिंदीच्या शीर्षकाखाली पाच कोटींहून अधिक लोकांची भोजपुरी आहे, राजस्थानीही आहे. ग्रियर्सनच्या भाषापाहणीने कोकणीला मराठीची बोली मानले आणि खानदेशीला भिल्ली बोलींच्या शेजारी नेऊन बसविले. कोकणी १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. म्हणजे भाषा किती आहेत, याचे उत्तर मोजून मिळत नाही. मोजण्याआधी कोणीतरी ते ठरविलेले असते. मराठीच्या किती वर्गांत हे सांगितले जाते?

आता अधिक जिव्हारी लागणाऱ्या विषयाकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०१३ साली देशात शेतीवर स्वतंत्रपणे उपजीविका करणाऱ्या ११,७७२ जणांनी आत्महत्या केल्या. २०१४ च्या अहवालात शेतकऱ्यांच्या आत्महत्या ५,६५० झाल्या. ज्यांना आनंद मानायचा होता त्यांनी तो मानून घेतला. पण त्याच अहवालात एक नवा रकाना उघडला होता : शेतमजूर. त्यात ६,७१० आत्महत्या होत्या. दोन्हींची बेरीज १२,३६०. एक रकाना फाडून दोन केले आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात संकट अर्ध्यावर आले. शेतमजुरांचे दुःख वेगळे मोजले जावे, ही मागणी अयोग्य नव्हती, किंबहुना ती आपलीच मागणी असायला हवी होती. परंतु रकाना बदलल्याचे न सांगता दोन वर्षांची तुलना करणे ही लबाडी आहे, मग ती कोणीही करो.

त्याही खाली एक थर आहे. गावच्या पोलीस ठाण्यात मृत्यूची नोंद करणारा जमादार ‘व्यवसाय’ या शब्दापुढे काय लिहितो? त्याच्या लेखी शेतकरी म्हणजे ज्याच्या नावाचा सातबारा आहे तो. बटाईने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर बहुधा नसते. बापाच्या नावावरची जमीन कसणाऱ्या तरुण मुलाचे नसते. आणि बाईचे तर क्वचितच असते. नवरा गेल्यावर तीच जमीन, तेच कर्ज डोक्यावर घेऊन राबणाऱ्या बाईने विहीर जवळ केली, तर कागदावर ‘गृहिणी’ असे येण्याची शक्यता अधिक. महाराष्ट्रात मदतीसाठी प्रत्येक प्रकरण जिल्हा समितीपुढे जाते. जमीन मृताच्या अथवा कुटुंबाच्या नावावर आहे काय, कर्ज बँकेचे, सोसायटीचे वा परवानाधारक सावकाराचे आहे काय, वसुलीचा तगादा होता काय, अशा कसोट्या लावून प्रकरण ‘पात्र’ अथवा ‘अपात्र’ ठरते. नातेवाइकाकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून उसने घेतलेला पैसा हा या कसोटीपुढे पैसाच नव्हे. समाजशास्त्राचा एखादा विद्यार्थी पुढे ‘पात्र’ प्रकरणांची संख्या घेऊन शेतकरी आत्महत्यांवर प्रबंध लिहितो, त्या वेळी तो वास्तविक मदतवाटपाचा इतिहास लिहीत असतो आणि त्याला त्याची जाणीव नसते.

१९६१-७१ ची ती कामकरी स्त्री आणि ही ‘गृहिणी’, या दोघी एकाच रकान्यात आहेत हे वेगळे सांगायला नको.

आणि आता जातीचा प्रश्न. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. केंद्र सरकारने २०२५ साली पुढील जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे ठरविले असून तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर केली आहे. पक्षाच्या व्यासपीठावरून ही मागणी अनेकदा झाली, तेव्हा निर्णयाचे स्वागत करणे स्वाभाविक आहे. पण स्वागताच्या कमानी उभारताना मागच्या अनुभवाकडे पाठ फिरवू नये. १९०१ साली जनगणना आयुक्त रिस्ले यांनी जातींची सामाजिक उच्चनीचता लावण्याचा खटाटोप केला. परिणाम असा झाला, की आपली जात वरच्या पायरीवर लिहा, अशा अर्जांचा पूर आला. १९११ साली बंगालच्या कचेरीत अशा अर्जांचे वजनच दीड मण भरले. सरकार समाज मोजायला गेले आणि समाज मोजणीकडे पाहून आपला पोशाख नीटनेटका करू लागला. १९३१ ची जनगणना ही सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध करणारी शेवटची. मंडल आयोगाने १९८० साली इतर मागासवर्गीयांचे प्रमाण ५२ टक्के मानले, ते या जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांवरून, सर्व जातींची लोकसंख्या सारख्याच गतीने वाढली असे गृहीत धरून. याहून बरा आकडा आयोगाला मिळू दिला गेला नव्हता. ‘५२ टक्के’ हा आकडा कच्चा म्हणून आयोगाला हिणवणाऱ्यांनी जातीची गणना नको असाच धोशा लावला होता, हेही विसरून चालणार नाही.

२०११ साली सामाजिक, आर्थिक व जातीनिहाय पाहणी झाली. जातीचे नाव लोकांनी सांगितले तसे लिहून घेतले. पोटजात, कुळ, आडनाव, गावाचे नाव, लिहिण्यातल्या चुका, सगळे एकत्र आले आणि देशात ४६ लाखांहून अधिक ‘जाती’ निघाल्या! महाराष्ट्रात शासनाच्या याद्यांत जाती ४९४. पाहणीत निघाल्या सव्वाचार लाखांहून अधिक. हे केंद्र सरकारने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले आणि म्हणून हे आकडे वापरता येत नाहीत, अशी भूमिका घेतली. दहा वर्षांत ते साफसूफ का केले गेले नाहीत, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर काही मिळाले नाही.

त्याच वर्षी स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी ताजी आकडेवारी आणा, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला बजावले होते. त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाच्या कामात आडनावावरून जातीचा अंदाज बांधला जात असल्याच्या पद्धतीवर २०२२ मध्ये तीव्र आक्षेप घेण्यात आले. आयोगाने शेवटी ३७ टक्के हे प्रमाण दिले. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला या पद्धतीतली मेख समजावून सांगावी लागत नाही. पवार, जाधव, गायकवाड, मोरे ही आडनावे मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, बंजारा व पारधी समाजातही त्यांतली काही सापडतात. एकाच गावात एकाच आडनावाची दोन घरे गावकुसाच्या आत आणि बाहेर असतात. ज्या कार्यकर्त्याने मतदारयादी हातात घेऊन वस्त्या पालथ्या घातल्या आहेत, त्याला हे ठाऊक आहे. बंद खोलीत यादी वाचणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. येथे प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा नाही. ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत कोण बसणार हे त्या टक्क्यावर ठरते.

गाव पाहून मोजणे आणि मोजून गावाकडे परत जाणे, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. जमीनधारणेचे सरासरी क्षेत्र १७७१ साली ४० एकर होते ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले, हा त्यातला आकडा पाठ्यपुस्तकांत अजून भेटतो. पाठ्यपुस्तके तो ‘दख्खनचा’ म्हणून सांगतात. मॅन मात्र सावध होते. पुण्याला लागून असलेले एक गाव म्हणजे दख्खन नव्हे, याची जाणीव ठेवून त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह शहरापासून दूरचे, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक निवडले आणि १९२१ साली दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याच निष्कर्षाची अशी उलटतपासणी करणारे संशोधक आज किती आहेत? (पिंपळे सौदागरची ती शेते आज शोधू जाल तर बहुमजली इमारतींच्या वाहनतळांत शोधावी लागतील.)

तेव्हा वर्गात आणि अभ्यासमंडळात काय करता येईल? नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहण्याची गरज नाही. महाविद्यालयाजवळचे एक गाव अथवा एक वस्ती घ्यावी. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतून त्या गावातील ‘काम करणाऱ्या’ स्त्रियांची संख्या उतरवून घ्यावी. तलाठ्याकडे जाऊन किती सातबाऱ्यांवर स्त्रियांची नावे आहेत ते पाहावे. ग्रामपंचायतीत रोजगार हमीचे हजेरीपट मागावेत. ते सहजी मिळत नाहीत, माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागतो आणि तो करायला शिकणे हाही अभ्यासाचाच भाग आहे. दूध संस्थेत सभासदांची यादी असते. गोठ्यात राबणारी एक आणि सभासद दुसरा, हे तेथे दिसेल. मग पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत सकाळी सात वाजता गावाच्या चारी वाटांवर विद्यार्थी उभे करावेत आणि शेताकडे जाणाऱ्या बायका मोजाव्यात.

पाचही संख्या फळ्यावर एकाखाली एक लिहाव्यात. त्या जुळणार नाहीत. प्रत्येक संख्येपुढे ती कोणी मोजली, कशासाठी मोजली आणि मोजताना कोणाला विचारले, हे विद्यार्थ्यांनीच लिहावे. पहिल्या चार वह्यांपुढे ते लिहिताना फारशी अडचण पडणार नाही. पाचवी मोजणी त्यांची स्वतःची असेल. तेथे ते थांबतील, कारण डोक्यावर पाटी घेऊन जाणारी एखादी बाई शेतावर निघाली होती की माहेरी, हे त्यांनी तिला विचारलेच नव्हते, असे त्यांच्या ध्यानात येईल. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटेवर जावे लागेल.